सासूच्या फोटोतला माझा खांदा

माझ्या सासूचा तोंड मिटलेला एकही फोटो नव्हता. ती गेली तेव्हा हे आमच्या लक्षात आलं.

तिला फोटोचा राग होता असं नाही. पण कुणी तिच्यासमोर मोबाइल धरला की तिला त्या माणसाला लगेच काहीतरी सांगायचं असायचं. उन्हात उभा राहू नको, पँट वर घे, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे. आणि फोटो नेमका त्याच वेळी निघायचा. त्यामुळे लग्नातले, गणपतीतले, बोटीच्या पूजेतले सगळे फोटो बघितले तरी तिचं तोंड उघडं, एक हात वर, आणि शेजारची माणसं कानावर हात ठेवल्यासारखी उभी.

ती आयुष्यभर मालवणच्या बाजारात मासे विकायला बसली. तिचा आवाज जेटीपर्यंत जायचा. मी खारेपाटणकडची. आमच्या घरी माणसं हळू बोलत, आणि मी तर त्यातही कमी. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासू पहिले काही दिवस माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मग तिने माझ्या वाटचं बोलणंही स्वतःकडे घेतलं. कुणी मला काही विचारलं की उत्तर तीच द्यायची. डॉक्टरकडे गेलो तर माझं डोकं दुखतं हे तीच सांगायची, आणि किती दुखतं तेही. तिचा अंदाज बहुतेक बरोबर असायचा. मला ते सोयीचं होतं. पण जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं असलं तिच्यात काही नव्हतं. तिच्या हाताला कायम मासळीचा वास, म्हणून ती माणसांना हात लावायची नाही, असं मी मनाशी धरलं होतं.

तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे, म्हणून माझी नणंद आणि आमचे हे मोबाइल घेऊन पडवीत बसले. नणंद देवगडला दिलेली. आंब्याच्या दिवसांत ती एरवी कुणालाच भेटत नाही, पण आता राहायला आली होती. रडत रडतच ती एकेक फोटो पुढे सारत होती. शेवटी तिच्या मुलीच्या लग्नातला एक फोटो निघाला. त्यात सासूचे दोन्ही डोळे उघडे होते आणि डोक्यावरचा पदर जागेवर होता. तोंड उघडं होतं, पण त्याला इलाज नव्हता. आणि तिच्या शेजारी मी होते. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

तो हात तिथं कसा आला ते मला माहीत आहे. नणंदेने तिला लग्नासाठी नवीन चपला घेतल्या होत्या. स्टेजच्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि तिने मला धरलं. त्याच वेळी फोटो निघाला. म्हणजे ती माया वगैरे नव्हती, पडू नये म्हणून धरलेला खांदा होता. पण तिच्या दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा उभा होता, माझ्यापेक्षा जवळ आणि माझ्यापेक्षा दणकट. तिने त्याला धरलं नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण तो फोटो मी नणंदेच्या मुलीकडून मागून माझ्या मोबाइलवर घेतला होता. दुपारी माणसं झोपली की कधीतरी बघायचे.

फोटो घेऊन आम्ही दोघं बाजारातल्या स्टुडिओत गेलो. साडीचा रंग विचारला तर यांना सांगता येणार नाही, म्हणून मला नेलं. स्टुडिओवाला ख्रिस्ती, त्याचा मामा गोव्यात फोटोचं काम करायचा, तिथं तो शिकला. माणूस चांगला, हसतमुख, पण गेलेल्या माणसांचे फोटो करताना चेहरा गंभीर ठेवतो. त्याच्या भिंतीवर नमुन्याचे फोटो होते. मी बाकावर बसून ते बघत राहिले. सगळ्या गेलेल्या बायकांच्या अंगावर एकच पैठणी होती. मोरपंखी, जरीचा काठ, निऱ्यांची घडीसुद्धा तीच. सगळ्या पुरुषांना एकच कोट होता. त्यातल्या एकाला मी ओळखत होते. तो आयुष्यभर बनियनवर जाळी विणत बसायचा. कोटात तो कुठल्यातरी आमदाराचा भाऊ दिसत होता. सगळ्यांच्या मागे निळं आकाश आणि पांढरे ढग.

स्टुडिओवाल्याने विचारलं, पैठणी घालू काय. हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवून नको म्हटलं. मग त्याने विचारलं, सुरकुत्या ठेवायच्या की काढायच्या. यांनी सांगितलं की थोड्या ठेव. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तिने सांगितलं की आयेच्या हातात पाटल्या घालायच्या, तिच्या पाटल्या बोटीच्या इंजिनासाठी विकल्या होत्या, निदान फोटोत तरी हात रिकामे नकोत. स्टुडिओवाल्याकडे पाटल्यांचे प्रकार होते. ते बघण्यात बराच वेळ गेला. तोंडाचं काही बोलायचं राहून गेलं, आणि त्याने ते आपल्या मनाने मिटवलं. गेलेल्या माणसाचं तोंड उघडं ठेवत नाहीत, एवढी त्याची रीत होती.

फोटो तेराव्याच्या आदल्या सकाळी घरी आला. मोठा, सोनेरी चौकटीचा. आम्ही तो पडवीत खुर्चीवर ठेवला आणि सगळे समोर उभे राहिलो.

फोटोत एक शांत, गोरी, श्रीमंत बाई होती. ओठ मिटलेले, किंचित हसरे. हातात पाटल्या. ती आमच्याकडे अशी बघत होती, जशी आम्ही तिच्या घरी काहीतरी मागायला आलो आहोत.

नणंद म्हणाली की छान आला आहे. मग ती रडली, पण एरवीपेक्षा कमी.

दुपारी सासूच्या शेजारी बाजारात बसणारी म्हातारी आली. दोघींचं वर्षानुवर्षं पटलं नव्हतं आणि दोघींनी जागाही बदलली नव्हती. ती फोटोसमोर बसली, पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली, मग डोळे पुसून तिने नीट बघितलं आणि मला विचारलं, "ही कोण गो? आणि तिचो फोटू खंय लावलास?"

मी सांगितलं की हाच तिचा. म्हातारीने पुन्हा बघितलं. तिने नणंदेला विचारून खात्री करून घेतली. मग ती उठली आणि म्हणाली की तिच्यासाठी आणलेलं रडू भलत्याच बाईपुढे संपवलं, आता उद्या परत यावं लागेल.

माझ्या नवऱ्याला त्या फोटोसमोर जेवण जाईना. त्यांनी पाट फिरवून घेतला, तरी पाठीला ती नजर लागत होती म्हणाले. शेवटी हात धुऊन बहिणीजवळ आले आणि हळूच बोलले, "माका भय वाटता गो. आये अशी गप्प बसली म्हणजे कायतरी मोठा झालेला असायचा."

हे खरं होतं. सासू आमच्या लग्नानंतर एकदाच गप्प बसली होती, वादळात बोट परत आली नव्हती तेव्हा. बोट दुसऱ्या दिवशी आली, आणि मग ती रात्रीपर्यंत ओरडत होती.

नणंद म्हणाली की फोटोत खरं खोटं काही नसतं, बरं दिसतं की नाही तेवढंच बघायचं. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिला गोरी केली होती, मग ती काय फसवाफसवी झाली? हे म्हणाले, थोडी झालीच, तुझा घोव पहिल्या दिवशी तुला ओळखायला वेळ लागला असं सांगत होता. ती त्यांच्यावर चिडली. आणि चिडून फोटोकडे बोट दाखवताना तिचं बोट तिथंच थांबलं.

"ह्यो कोणाचो खांदो?"

आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. स्टुडिओवाल्याने यांना पूर्ण पुसलं होतं, आणि माझाही चेहरा काढून टाकला होता. जिथे मी होते तिथे एक ढग आला होता. पण सासूचा हात कशावर तरी असायला हवा, म्हणून खांदा तसाच ठेवला होता. ढगातून एक खांदा बाहेर आलेला, त्यावर माझ्या निळ्या साडीचा काठ, आणि त्यावर सासूचा पाटल्या घातलेला हात.

"ह्यो वैनीचो खांदो," नणंद म्हणाली.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. उद्या भटजी येणार, फोटोला हार पडणार, दिवा लागणार, आणि त्यात मी. मी पूर्ण नव्हते, पण किती असलं म्हणजे आपण असतो याचा नियम कुणाला माहीत नव्हता. शेजारणीने सांगितलं की चेहरा नसेल तर चालतं. दुसरीने सांगितलं की तिच्या माहेरी एकाच्या फोटोत नुसती सावली आली होती, तर ज्याची सावली त्याला कावीळ झाली. दिवस मावळेपर्यंत दारापुढच्या खळ्यात बऱ्याच बायका जमल्या, आणि सगळ्या एकदा फोटोतला खांदा बघत, एकदा माझा. एकीने तर हात लावून बघितला. मला आत जाऊन भांडी घासावीशी वाटली, पण ती आधीच घासून झाली होती.

यांनी स्टुडिओवाल्याला फोन केला. तो बिचारा दुकान उघडं ठेवून बसला. आम्ही तिघंही गेलो. त्याने सांगितलं की खांदा काढणं सोपं आहे. त्याने काढलाही. पण मग सासूचा हात हवेत राहिला, आणि ती समोरच्याच्या कानाखाली द्यायच्या बेतात आहे असं दिसायला लागलं. यांना तो फोटो आवडला. नणंदेने नको म्हटलं.

मग त्याने हाताखाली खुर्ची आणली. नक्षीची, पाठीला लाल मखमल. सासू नगराध्यक्ष दिसायला लागली. ती आयुष्यात खुर्चीवर बसली नव्हती, बसली तरी पाय वर घेऊन. मग फुलदाणी. फुलदाणी खांद्याच्या उंचीची करावी लागली, त्यामुळे ती रांजणाएवढी झाली आणि त्यातली फुलं सासूच्या डोक्याएवढी. मग एक दगडी सिंह आला. सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून माझी सासू शांतपणे हसत होती. स्टुडिओवाला हळूच म्हणाला की हा सिंह त्याने एका सावकाराला पण दिला आहे, लोकांना आवडला होता.

नणंद सिंहाकडे विचार करत बघत होती. मला बाजारातली एक गोष्ट आठवली.

मासे ताजे दिसावेत म्हणून सासू त्यांच्यावर पाणी मारायची. सगळ्याच मारतात. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर बाजारात बसले तेव्हा मला ते बरं वाटलं नव्हतं. मी काही बोलले नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली की मासा समुद्रातला, पाणी त्याचंच, त्याला त्याचं पाणी दिलं तर कुणाला फसवलं? पण एक बाई कालचा बांगडा आजचा म्हणून विकायची, तिच्याशी सासू वर्षभर बोलली नव्हती. वर्षभर न बोलणं म्हणजे सासूला केवढी शिक्षा, ते मीच सांगू शकते. त्या स्टुडिओत बसून मी तोच हिशेब लावत होते. सुरकुत्या काढल्या, ते पाणी मारणं झालं. पाटल्या घातल्या, तेही चालेल, एकेकाळी तिच्या होत्याच. पण तिने मला धरलं होतं आणि आता तिने सिंहाला धरलं, हे कालचा बांगडा आजचा म्हणून विकणं होतं.

मी म्हणाले, "खांदो आसू दे."

स्टुडिओवाल्याने मागे वळून बघितलं. मला वाटतं तोपर्यंत त्याला मी मुकी वाटत होते. हेही बघत राहिले. माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला. मग म्हटलं आता बोलतेच आहे तर बोलून घ्यावं, आणि तोंडाचंही सांगितलं. तोंड उघडं होतं तसं करा.

नणंद माझ्यावर ओरडली. अगदी आईसारखी ओरडली, दुकानाबाहेरची माणसं थांबली. तिने विचारलं की तुला मरायचं आहे काय, तुझ्या मागून ह्याला जेवण कोण घालणार, देवगडवरून मी येऊ? मग तिचा आवाज बसला आणि ती म्हणाली, "एक गेली तीच माका सोसणा नाय. तू कित्याक मधी जातस?"

नणंदेला मी आवडत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी तिला मोबाइलमधला तो फोटो दाखवला, आणि कसंबसं सांगितलं की पाय घसरला तेव्हा हे पलीकडेच होते, तरी आयेने मला धरलं. नणंदेने फोटो बराच वेळ बघितला. मग तिने नाक पुसलं आणि स्टुडिओवाल्याला सांगितलं की पाटल्या मात्र काढायच्या नाहीत.

तोंड परत उघडलं तेव्हा दुकानात एकदम गर्दी झाल्यासारखं वाटलं. हे हसले. ती गेल्यापासून ते हसले नव्हते.

पण खांद्याचा प्रश्न तसाच होता. घरी आलो तर माझे चुलत सासरे येऊन बसले होते. आमच्या वाडीत गाऱ्हाणं तेच घालतात. देवळात असो, बोट पाण्यात ढकलायची असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, देवापुढे उभं राहून मागणं मांडायचं ते त्यांनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नवा फोटो चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. भटजींना यात घालायचं कारण नाही म्हणाले, भटजींच्या पोथीत खांद्याचं काही नसणार. हार आखूड घालायचा आणि डावीकडे सरकवून टांगायचा, बाकीचं ते गाऱ्हाण्यात सांगून ठेवतील.

तेराव्याला पडवी माणसांनी भरली. हार एका बाजूला ओढून बांधल्यामुळे फोटो थोडा तिरका झाला होता, आणि सासू त्यातून ओरडत होती. बाजारातली म्हातारी कबूल केल्याप्रमाणे परत आली होती. ती दारातूनच फोटो बघून म्हणाली, "हां, ही ती सटवी," आणि मोकळेपणाने रडायला लागली.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. चुलत सासऱ्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, नारळ पुढे ठेवला आणि हात जोडले. आधी गावच्या देवाला सांगितलं की आजचं कार्य गोड मानून घे. सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग ते फोटोकडे वळले.

"आणि गो वैनी, तुझ्या फोटूत जो काय खांदो दिसता, तो तुझ्या सुनेचो आसा. ती जिती आसा. हार घातलो तो तुका, तिका नाय."

"व्हय म्हाराजा."

"चुकान एखादा फूल तिच्यार पडला, तर ता पडला असा समज, घातला असा समजू नको."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या हातात ज्यो पाटल्यो दिसतत, त्यो तुझ्या चेडवान हौसेन घातल्यान. खंयसून इल्यो म्हणान इंजिनाची आठवण काढू नको."

"व्हय म्हाराजा." यावेळी मागच्या बाजूला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. नणंदेने वळून बघितलं.

चुलत सासरे थोडे थांबले. पुढचं त्यांनी आधी ठरवलं नसावं.

"तुका आधार व्हयो होतो, तेव्हा तू हिका धरलंस. तर गो वैनी, खांद्यापुरती तिका तुझ्याकडे ठेव. बाकीची आमच्याकडे आसू दे."

कुणी काही बोललं नाही. हो म्हणावं तर खांदा कायमचा देऊन टाकला असं होईल, आणि न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धं राहतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आमचे हे तोंड उघडून बसले होते, आवाज निघत नव्हता. चुलत सासरे हात जोडून वाट बघत होते. सासू असती तर तिनेच माझ्या वाटचं उत्तर देऊन टाकलं असतं.

बायका गाऱ्हाण्यात मोठ्याने बोलत नाहीत. मी दाराआडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

ते जरा जास्तच मोठ्याने आलं. पडवीतली सगळी डोकी वळली. मग बाकीचे घाईघाईने म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि नारळ फुटला.

मी होते तिथंच उभी राहिले. नणंद माणसांतून वाट काढत आत आली. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, खांदा धरून एकदा गदागदा हलवला आणि म्हणाली, "जिती आसस मां? मगे भात वाढूक घे, लोकां बसली."